डाकोटा आणि दोरीचं दुकान

परळीत मला खऱ्या नावानं ओळखणारे लोक थोडे. धान्याच्या मोंढ्याजवळ माझं दोरीचं दुकान आहे. कासरे, दावी, म्होरक्या, ताडपत्र्या, घुंगरमाळा, मेंढ्यांची लोकर कातरायच्या कातरी, असला सगळा माल. वडिलांनी सुरू केलं, मी चालवलं. तेव्हा लोकांनी मला दोरीवाले आप्पा म्हणायला हवं होतं. पण लोक मला विमानशेठ म्हणतात. हे नाव मी स्वतःच्या तोंडानं कमावलं आहे. तीस-पस्तीस वर्षं न थकता बोललो, तेव्हा कुठे मिळालं.

मूळ सगळं एका कॅलेंडरात आहे. आमचा भाग निजामाच्या राज्यात होता तेव्हा हैदराबादेत एक विमान कंपनी निघाली होती. वडील माल आणायला हैदराबादला जात. तिथल्या कुठल्याशा व्यापाऱ्यानं त्यांना त्या कंपनीचं कॅलेंडर दिलं. खाली चारमिनार, वर निळं आभाळ आणि त्यात दोन इंजिनांचं चकचकीत विमान. डाकोटा. वर्ष संपलं तरी वडिलांनी ते काढलं नाही. तारखांचे कागद फाटून गेले, चित्र राहिलं. पुढं राज्य गेलं, कंपनीही सरकारी कंपनीत विरघळून गेली, तरी आमच्या गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर ते विमान उडतच राहिलं. मी त्याच्याखाली बसून बाराखडी शिकलो.

कुणाला देवीचं वेड लागतं, कुणाला कुस्तीचं. मला या विमानाचं लागलं. मिळेल ते वाचलं. त्यात माणसं किती बसत, कानात घालायला कापूस कसा देत, चघळायला पेपरमिंट कशा देत, पाऊस आला की छत कसं गळे, सगळं मला पाठ. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला मी कासरा दाखवता दाखवता इंजिनावर यायचो. "हा पीळ बघा, मजबूत. मजबुतीवरनं आठवलं," असं म्हटलं की जुनी गिऱ्हाइकं खाली बघायची. मला वाटे, ती विचारात पडली आहेत.

आमचे वडील हैदराबादला बेगमपेठेच्या विमानतळावर जात असत, हेही मी सांगत असे. यात खोटं काही नव्हतं. ते जात असत. फाटकापर्यंत. फाटकाबाहेर उभं राहून विमान उतरलेलं बघत आणि परत येत. हे फाटक मी कधी सांगण्यात घेतलं नाही. ऐकणारे आपोआप वडिलांना विमानात बसवत आणि मी त्यांना उतरवत नसे. एकदा इथल्या साप्ताहिकात माझा लेख आला. त्यात 'ढगांचा तो गारवा' असे शब्द होते. गारवा कुणाला लागला ते लिहिलं नव्हतं.

मी स्वतः कधी विमानात बसलो नव्हतो. लेक बंगळुरूला दिली, त्याला आठ वर्षं झाली. जावई दर वेळी म्हणे, हैदराबादहून विमानानं या, तासाभरात पोचाल. मी म्हणायचो, "रेल्वेनं देश दिसतो." बायको फक्त माझ्याकडे बघायची आणि दशम्या बांधायला लागायची.

तर गेल्या साली इथल्या एका शाळेच्या मुख्याध्यापक बाई दुकानात आल्या. विज्ञान प्रदर्शन होतं. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की विमानांवर बोलणारा एक माणूस गावात आहे. त्यांनी विचारलं, मुलांपुढं अर्धा तास बोलाल का? अर्धा तास. माझी प्रस्तावनाच तेवढी असते. मी हो म्हणालो, आणि बाई गेल्याबरोबर सुताराकडे गेलो. नुसतं बोलून काय उपयोग, मुलांना विमान दिसलं पाहिजे. हात-सव्वा हात लांबीचं सागवानी डाकोटा करून घेतलं. कॅलेंडर उतरवून सुतारापुढं धरलं. तो हुशार, पंखांचा आकार हुबेहूब आणला. चाकांपाशी मात्र अडला. चित्रातलं विमान आभाळात, चाकं पोटात.

"चाकं कुठं देऊ?" त्यानं विचारलं.

मी क्षणभरही न थांबता सांगितलं, "एक पुढं नाकाखाली, दोन मागं पंखांखाली."

टीव्हीवर दिसणाऱ्या सगळ्या विमानांना तशीच असतात. माझ्या विमानाला वेगळी असतील हे माझ्या मनातही आलं नाही. त्यानं तशी लावली. रुपेरी रंग दिला. विमान आडव्या पट्टीसारखं ताठ उभं राहिलं. मी ते दुकानात मध्यभागी, घुंगरमाळांच्या खाली, स्टुलावर ठेवलं. परळीत काहीही उघडं ठेवलं की विजेच्या कारखान्याची राख बसते. मी दर तासाला फडक्यानं पंख पुसत होतो.

बाजाराचा दिवस होता, दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं. त्यांत सिरसाळ्याकडचे एक धनगर बाबा होते. वय नव्वदीला टेकलेलं, पाठ अजून ताठ, डोक्याला लाल फेटा. वडिलांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. वर्षात चार-पाचदा येत, कातरी नाही तर दावी घेत, बाकड्यावर बसून पाणी पीत. माझं डाकोटापुराण त्यांनी कमीत कमी पन्नास वेळा ऐकलं असेल. कधी हूं नाही की चूं नाही. माझ्या दृष्टीनं आदर्श श्रोता.

बाबा स्टुलाजवळ गेले. वाकून बघितलं. मागून बघितलं. मग म्हणाले, "शेठ, तुमचं इमान असं सरळ कावून उभं हाय?"

"म्हणजे?"

"त्याची शेपटी भुईला टेकती. तोंड वर असतंय. मागनं बसल्यागत."

दुकानात एक-दोघं हसले. मीही हसलो, आणि ते हसणं आता आठवलं की मला दुकानाच्या मागच्या दारानं निघून जावंसं वाटतं. मी म्हणालो, "बाबा, मेंढ्यांचं तुम्ही सांगा, आम्ही ऐकू. विमानाचं आमच्याकडं राहू द्या. शेपटी टेकली तर ते उडेल कसं?"

बाबांनी एक दावं घेतलं, नमस्कार केला आणि गेले. मी गिऱ्हाइकांकडे वळून मोठ्या मनानं म्हणालो, "म्हातारं माणूस आहे."

दुपारी गर्दी ओसरली. मी जेवायला वर गेलो. भाकरी मोडता मोडता माझ्या मनात आलं की भाषणात दाखवायला एक-दोन जुने फोटो असावेत. लेकीनं घेऊन दिलेला मोबाईल काढला. डाकोटा असं टाकलं. पहिला फोटो उघडला. विमान जमिनीवर उभं होतं. दोन मोठी चाकं पुढं पंखांखाली, आणि मागं शेपटीखाली सुपारीएवढं एक चाक. नाक आभाळाकडे. शेपटी भुईला. मागून बसल्यासारखं.

दुसरा फोटो उघडला. तसंच. एकूण अकरा फोटो बघितले. एखादं तरी सरळ उभं असेल अशी आशा होती. मग मी फोन पालथा ठेवला.

बायकोनं विचारलं, "काय झालं? भाजी खारट आहे का?"

मी सांगितलं. तिनं फोन उचलून चित्र बघितलं. म्हणाली, "पस्तीस वर्षं तुम्ही याच्यावर बोलताय ना?"

"हो."

"मग आता त्या बाबांना कसं ठाऊक, ते विचारायला जा." आणि तिनं मला आणखी एक भाकरी वाढली. भांडणात तिनं मला इतकं कधी हरवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उशिरा उघडायचं ठरवून मी सिरसाळ्याची एसटी धरली. बाबांची वस्ती गावाबाहेर. बाभळीखाली खाटेवर बसून ते लोकर पिंजत होते. मला बघून उठायला लागले, मी बसवलं. माफी कशी मागायची याची मी एसटीत उजळणी केली होती. ती सगळी विसरलो. म्हणालो, "बाबा, शेपटी टेकते. तुमचं खरं होतं."

"टेकतीच की," ते म्हणाले, जणू मी त्यांना सूर्य पूर्वेला उगवतो असं सांगायला आलो होतो. मग सुनेला चहा टाकायला सांगितला.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

बाबा लोकरीतला काटा काढत राहिले. मग म्हणाले, "बसलतो मी त्यात."

मी काहीच बोललो नाही. माझ्या आयुष्यात डाकोटाचा विषय निघाल्यावर असं पहिल्यांदाच घडत होतं.

त्यांनी सांगितलं ते असं. विशीच्या आतबाहेरचे असताना ते चुलत्याबरोबर मेंढरं घेऊन पायी हैदराबादला गेले होते. बरोबर चार टकरीचे एडके होते, चुलत्यानं पोरासारखे वाढवलेले. तिथल्या एका नवाबाला ते आवडले. त्यानं घेतले, आणि त्याला ते बंगळुरूला कुठल्या दोस्ताला नजराणा म्हणून पाठवायचे होते, तेही तातडीनं. रेल्वेत वेळ जाणार. नवाबानं माल नेणाऱ्या विमानात जागा केली. आता एडके परक्या माणसाला जवळ येऊ देईनात. एकानं कंपनीच्या हमालाला धडक देऊन पाडलं. तेव्हा चुलत्यानं पुतण्याकडे बोट दाखवलं.

"मला म्हनले, तू जा. मी म्हनलं, कुठं? म्हनले, वर."

"घाबरला नाहीत?"

"आधी न्हाई. आधी मला वाटलं, ही गाडी चढावर उभी हाय. आत गेलो तर समदी भुई उतरती. एडके घसरून शेपटीकडं जमा झाले. त्यांना वढून पुढं नेलं, खांबाला बांधलं. एक टोपीवाला साहेब आला. मला म्हनला, 'मेंढा हिल्या तो जहाज हिलता, समझ्या क्या?' मग मी दोन्ही हातांनी दोन धरले, दोन मांड्यांत दाबले."

"मग?"

"मग ते पळाया लागलं. आधी शेपटी उचलली. भुई सपाट झाली, एडके पुढं आले. मग तोंड उचललं, एडके मागं गेले. माझ्या अंगावर. मला वाटलं, संपलं." बाबांनी लोकरीतला आणखी एक काटा काढला. "थंडी लई. अंगावर घोंगडं व्हतं, पर एडक्यांचीच ऊब. चौघंबी थरथरत व्हते, मी पाचवा."

पस्तीस वर्षं मी वाचलेलं सगळं कापूस आणि पेपरमिंटचं होतं. विमान सुटताना आधी शेपटी उचलते, मग नाक, हे कुठं असेलही लिहिलेलं. मी तेवढ्यावरून नजर फिरवून पुढं पेपरमिंटकडे गेलो असणार.

मी विचारलं, "बाबा, तुम्ही इतकी वर्षं माझ्या दुकानात बसून ऐकत होता. एकदाही का नाही बोललात?"

ते हसले. समोरचे दोन दात तेवढे राहिले होते. "तुमी लई खुशीत सांगत व्हता. मधी कावून बोलावं?"

मग लोकर बाजूला ठेवून म्हणाले, "गावात आल्यावर सांगितलतं मी. चुलत्यानंबी सांगितलं. लोक म्हनले, मेंढ्या कवा इमानात बसत्यात व्हय? पोरं मागनं बें बें करायची. लग्नात सासऱ्यानंबी इचारलं, पोरगं थापाडं हाय का? मग म्या बंद केलं."

सुनेनं चहा आणला. ती दारातच उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "आमाला बी कधी न्हाई सांगितलं." बाबा तिच्याकडे न बघता चहा फुंकत राहिले.

मला तिथं बसवेना. ज्यानं कधी विमानात पाय ठेवला नाही त्याचं गावानं पस्तीस वर्षं ऐकलं, नाव विमानशेठ ठेवलं. कारण काय, तर गल्ल्यावर बसतो, अंगात इस्त्रीचा सदरा असतो, बोलणं पुस्तकी असतं. आणि काल भर दुकानात त्यांना मेंढ्यांपुरतं बोला म्हणणारा मीच होतो. हे मी त्यांना म्हणालो. जमलं तसं, तुटक तुटक. बाबा म्हणाले, "जाऊ द्या शेठ. चहा निवतोय."

मी त्यांना शाळेत यायला सांगितलं. ते नको म्हणाले. सून म्हणाली, "जावा की, आमीबी येतो ऐकायला." तेव्हा तयार झाले.

सुताराकडे विमान परत नेलं. तो म्हणाला, "तुम्हीच सांगितलं होतं नाकाखाली." मी म्हणालो, "हो, मीच सांगितलं होतं." त्यानं पुढचं चाक काढलं, भोक बुजवलं, दोन चाकं पुढं सरकवली, शेपटीखाली लाकडी मणी ठोकला. नाकाखालची बुजवलेली जागा रंगातूनही दिसत होती.

शाळेत बाईंनी माझी ओळख ज्येष्ठ विमानतज्ज्ञ अशी करून दिली. मी उठलो आणि म्हणालो की तज्ज्ञ शेजारी बसले आहेत, मी दोरी विकतो. मुलांना तो विनय वाटला. टाळ्या पडल्या. खरं बोलूनही आपण मोठेपणाच मिळवतो आहोत हे लक्षात येऊन मी घाईनं खाली बसलो. माझ्या खिशात भाषणाचे बारा कागद होते. ते तिथंच राहिले.

बाबांनी माईक हातात घ्यायला नकार दिला. खुर्चीवर बसूनच बोलले. एडके पुढं कसे आले, मागं कसे गेले, हे त्यांनी अंग झोकून दाखवलं तेव्हा पहिल्या रांगेतली मुलं त्यांच्याबरोबर पुढं-मागं झुलली. कुणी बें बें केलं नाही. पाठीमागं सून उभी होती, पदर तोंडाला लावून.

एका मुलानं विचारलं, "आजोबा, वरून काय काय दिसलं?"

बाबा म्हणाले, "काय बी न्हाई. डोळे मिटून एडक्याच्या मानंत तोंड घालून बसलतो. पोचल्यावर उघडले."

मी त्या जागी असतो तर त्या मुलाला कृष्णा आणि तुंगभद्रा दोन्ही नद्या दाखवल्या असत्या, वर एखादा किल्लाही.

मग एक मुलगी उभी राहिली. तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "सर, तुम्ही किती वेळा बसलात विमानात?"

इतक्या वर्षांत एवढा साधा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी विचारायची उसंतच दिली नव्हती. सगळी मुलं बघत होती, बाईही. बाबा मात्र आपल्या चपलेकडे बघत होते.

"एकदाही नाही," मी म्हणालो.

"का?"

"भीती वाटते."

मुलगी "बरं" म्हणाली आणि बसली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

त्या दिवाळीनंतर लेकीकडे जायचं निघालं तेव्हा मी बायकोला म्हणालो, हैदराबादपर्यंत रेल्वेनं जाऊ आणि पुढं विमानानं. ती दशम्या बांधत होती. हात थांबला. "नक्की?" म्हणाली. मी हो म्हणालो, तेव्हा तिनं अर्ध्या दशम्या डब्यातून काढून ठेवल्या.

नवा विमानतळ गावाबाहेर कुठल्या कुठं. आम्ही इतके लवकर पोचलो की आमच्या आधीची चार विमानं गेली. तपासणीत माझ्या पिशवीतून सुतळीचं भेंडोळं निघालं. पोलिसानं विचारलं, "हे कशाला?" मी म्हणालो, "सवय आहे." त्यानं ते परत पिशवीत टाकलं. विमान ताठ उभं होतं, नाकाखाली चाक घेऊन. आत भुई सपाट. मी खिडकीची जागा बायकोला दिली, उदारपणानं नव्हे.

विमान पळायला लागलं तसे मी दोन्ही हात धरायला काहीतरी शोधू लागलो. एका बाजूला बायकोचा हात सापडला, दुसऱ्या बाजूला एका तरुण मुलाचा. तो मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाला, "काका, पहिल्यांदा?" मी मान हलवली. त्यानं हात तसाच राहू दिला. बायको खिडकीला नाक लावून बसली होती. "अहो, बघा तरी," ती म्हणाली, "तळी बघा किती. गाड्या बघा, मुंग्यांसारख्या." मी म्हणालो, तूच बघ आणि मला सांग. ती सांगत गेली. पस्तीस वर्षांत घरात पहिल्यांदा विमानाविषयी ती बोलत होती आणि मी ऐकत होतो. ती चांगलं सांगते. थोडक्यात सांगते.

परळीला परतल्यावर बाजाराच्या दिवशी बाबा आले. बाकड्यावर बसले, पाणी प्यायले. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. ती माझ्याकडे बघत होती, आता सुरू होणार म्हणून.

बाबांनी विचारलं, "जाऊन आलात?"

"आलो."

"भ्यालात?"

"लई."

"व्हय," ते म्हणाले. मग त्यांनी एक कासरा मागितला. मी दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत ताणून बघितला आणि परत केला, पीळ सैल आहे म्हणून. दुसरा दिला, तो घेतला.